कायद्याने न शिकवता येणाऱ्या गोष्टी

(बेलवली, बदलापूर येथे नागरिकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



मोठमोठ्या राष्ट्रीय प्रश्नांवर व्याख्याने होतात, ती व्हायलाच हवीत. परंतु आज मी आपल्यासमोर अगदी किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी मांडणार आहे. पैसे घेऊन तिकीट न देणारे यंत्र, सामान्य माणसालाच नडणारा कायदा, आणि शेजारी बसून मोठ्या आवाजात मोबाइल वाजवणारा सहप्रवासी. या तीन गोष्टींनी दिवसाकाठी आपली जेवढी शांती जाते, तेवढी कदाचित मोठ्या संकटांनीही जात नसेल. संकट वर्षातून एखादे येते, कटकट रोजची असते. आणि समाजाचे चारित्र्य जसे संकटात दिसते, तसेच ते या रोजच्या कटकटीतही दिसते.

हा विषय बेलवलीत मांडण्याला कारण आहे. बेलवली हे एकेकाळचे गाव आज कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीतील दाट वस्ती झाले आहे. २००१ च्या जनगणनेत या नगरपरिषदेची लोकसंख्या ९७,९४८ होती. २०११ मध्ये ती १,७४,२२६ झाली. त्यानंतर उभ्या राहिलेल्या इमारती आपण डोळ्यांनी पाहतोच आहोत. मुंबईत घर परवडेना म्हणून माणसे ठाण्याला आली, ठाणे परवडेना म्हणून डोंबिवली-कल्याणला आणि तेही परवडेना म्हणून येथे. मुंबईपासून सुमारे ६८ किलोमीटर दूर राहणारा माणूस दररोज यंत्रावर अवलंबून असतो, नियमांच्या जाळ्यातून जातो आणि हजारो अपरिचितांच्या खांद्याला खांदा लावून प्रवास करतो. म्हणून यंत्र, कायदा आणि वर्तन या तिन्हींची परीक्षा येथे जितकी कठोर होते, तितकी क्वचितच अन्यत्र होत असेल.

यंत्र कोणासाठी?

प्रथम यंत्राचा विचार करू. यंत्राला नावे ठेवण्याची एक सोपी पद्धत आपल्याकडे आहे. 'पूर्वी हे नव्हते, तेव्हा बरे होते' असे म्हणून आपण मोकळे होतो. ते खरे नाही. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या तेव्हाच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यापर्यंत पहिली विजेवरची गाडी धावली. ते तंत्रज्ञान आले नसते, तर आज बदलापूरला राहून मुंबईत नोकरी करण्याची कल्पनाही शक्य नव्हती. तेव्हा आक्षेप यंत्राला नाही. यंत्र आणताना कोणाचा विचार केला आणि कोणाचा केला नाही, हा प्रश्न आहे.

ऑगस्ट २०२२ मधील घटना आपल्यापैकी अनेकांच्या स्मरणात असेल. मध्य रेल्वेने वातानुकूलित लोकलच्या दहा नव्या फेऱ्या सुरू केल्या. वातानुकूलित गाडी वाईट असते का? मुळीच नाही. तिची दारे बंद होतात, म्हणून कोणी लटकत नाही आणि पडत नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारात लटकणारे प्रवासी रुळांवर पडून मृत्युमुखी पडले, तेव्हा बंद दाराचे मोल सर्वांना पुन्हा कळले. मग कळव्याच्या आणि बदलापूरच्या प्रवाशांनी २०२२ मध्ये विरोध का केला? कारण या फेऱ्या अधिकच्या नव्हत्या. नेहमीच्या गाड्यांच्या जागी त्या आणल्या होत्या. त्याच वर्षी मे महिन्यात वातानुकूलित लोकलच्या एका वेळच्या तिकिटाचे दर जवळजवळ निम्म्याने कमी झाले होते, पण पासाचे दर तसे उतरले नव्हते. आणि बदलापूरचा चाकरमानी तर पासावर जगतो! साधा पास खिशात असलेल्या माणसाची ठरलेली गाडी गेली आणि तो मागच्या गाडीच्या दुप्पट गर्दीत ढकलला गेला. थंड हवा एकाला मिळाली, तिची किंमत दुसऱ्याने मोजली. प्रवाशांनी जाब विचारला आणि २५ ऑगस्टपासून त्या दहा फेऱ्या मागे घेण्यात आल्या.

दुसरे उदाहरण मोबाइलवरून काढायच्या तिकिटाचे. रांगेतून सुटका करणारी ही उत्तम सोय. परंतु ती आली तेव्हा स्थानकाच्या आवारात, रुळांजवळ उभे राहून तिकीट काढता येणार नाही, अशी अट तिच्यात घातली होती. हेतू असा की, तपासनीस दिसल्यावर फुकट्या प्रवाशाने घाईघाईने तिकीट काढू नये. हेतू योग्यच होता. पण प्रामाणिक आजोबा फलाटावर उभे राहून चष्मा सावरत बटणे दाबतात आणि यंत्र त्यांना नकार देते. का, ते सांगत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती हीच. पुढे आवारातही तिकीट काढता यावे म्हणून स्थानकावर क्यूआर कोडचे फलक लागले. तर काही महाभागांनी त्या कोडचीच छायाचित्रे काढून जवळ बाळगली आणि धावत्या गाडीत तपासनीस दिसताच तिकीट काढण्याची युक्ती शोधली. म्हणजे यंत्राने दाखवलेला विश्वासही आपल्यातल्याच काहींनी मोडून खाल्ला.

आपण या दुसऱ्या भागाकडे काणाडोळा करतो. यंत्र संशयी का होते? कारण त्याला फसवणारे आपल्यातच असतात. चार लबाडांच्या बंदोबस्ताचा भार चारशे प्रामाणिक माणसांवर पडतो. यंत्र करणाऱ्याचा दोष आहेच, पण लबाडाचा दोष त्याहून मोठा आहे, हे विसरून चालणार नाही.

कायदा : अति कठोर आणि अति मवाळ

आता कायद्याकडे येऊ. अन्यायकारक कायदा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर फक्त जुलमी कायदा येतो. पण कायदा दोन प्रकारे अन्याय करतो. कधी तो नको तेथे दंडुका उगारतो आणि कधी हवा तेथे हात बांधून उभा राहतो. दोन्ही प्रकारची उदाहरणे आपल्या ठाणे जिल्ह्यातच घडलेली आहेत.

पहिले पालघरचे. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होते, स्वतंत्र जिल्हा २०१४ मध्ये झाला. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले. त्या बंदविषयी एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्या पसंत केल्या आणि दोघींना अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ त्यांना लावण्यात आले. हे कलम २००८ च्या दुरुस्तीने आले होते. संगणक किंवा मोबाइलवरून कोणाला अतिशय आक्षेपार्ह वाटेल असे काही पाठवले, किंवा खोटी माहिती पाठवून त्रास वा गैरसोय केली, तरी तीन वर्षांपर्यंत कारावास, असा त्याचा आशय होता.

या प्रकरणाचा विचार करताना आपण स्वतःशी प्रामाणिक राहिले पाहिजे. लाखो माणसे शोकाकुल असताना कोणते शब्द उच्चारावेत, याचे तारतम्य हवे, असे कोणालाही वाटेल. ज्याला ते शब्द खटकले, त्याच्या भावनेला खोटे ठरवण्याचे कारण नाही. पण खटकणे आणि गुन्हा असणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. तारतम्य नसणे हा फार तर शिष्टाचाराचा भंग होतो. त्यासाठी पोलीस ठाण्याची पायरी दाखवणे हा कायद्याचा भंग आहे. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात हे कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. 'त्रास' आणि 'गैरसोय' असल्या मोघम शब्दांना निश्चित अर्थ नाही, एकाला जे खुपेल ते दुसऱ्याला खुपणार नाही, हा त्यामागचा एक महत्त्वाचा विचार होता. इतके होऊनही त्या मेलेल्या कलमाखाली गुन्हे नोंदवले जात राहिले. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याबद्दल तीव्र आश्चर्य व्यक्त केले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये, असा आदेश दिला.

आपल्या मताच्या माणसाला असे कलम लागले की तो अन्याय, आणि विरोधकाला लागले की त्याला धडा मिळाला, असे म्हणणारे सर्वच पक्षांत आणि सर्वच विचारांत आहेत. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे! कायद्याची न्याय्यता तपासण्याची एकच रीत आहे. तो कायदा उद्या आपल्या विरोधकाच्या हाती असेल आणि आपण त्याच्या समोर उभे असू, असे समजून तो पुन्हा वाचावा. त्या वेळीही तो योग्य वाटला, तर तो न्याय्य कायदा.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारच्या उल्हासनगरचे. फाळणीत सर्वस्व गमावून आलेल्या सिंधी बांधवांनी लष्करी छावणीच्या बराकींत संसार मांडले आणि ऑगस्ट १९४९ मध्ये त्या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. त्या माणसांच्या कष्टाळूपणाबद्दल आदरच बाळगला पाहिजे. पुढे या शहरात परवानगीविना इमारतींचे पेव फुटले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने ८५५ बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश दिला. तेव्हा २००६ मध्ये शासनाने दंड घेऊन ही बांधकामे नियमित करण्याचा कायदा केला. हजारो कुटुंबे रस्त्यावर येऊ नयेत, हा हेतू माणुसकीचाच होता. ज्याने आयुष्याची पुंजी घालून घर घेतले, तो रहिवासी काही गुन्हेगार नव्हता. परंतु त्यातून संदेश काय गेला? ज्याने नियम पाळून, परवानगीसाठी खेटे घालून, जागा सोडून बांधले तो मूर्ख ठरला. ज्याने मोडून बांधले त्याला दंडाची पावती फाडून मोकळे होता आले. आणि कागदावर नियमित होण्याने सिमेंट मजबूत होत नाही. मे २०२१ मध्ये उल्हासनगरात एकाच महिन्यात दोन इमारतींचे स्लॅब कोसळले आणि माणसे दगावली. त्या दोन्ही इमारती १९९० च्या दशकात उभ्या राहिलेल्या होत्या. बांधणारा केव्हाच निघून गेला होता, भोगणारा आत झोपला होता.

पालघरमध्ये कायदा अति कठोर झाला, उल्हासनगरात अति मवाळ झाला. पण दोन्हीकडे भार पडला तो दुर्बळाच्या खांद्यावर.

आशेला जागा मात्र आहे. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ४२ केंद्रीय कायद्यांतील १८३ तरतुदींमधील फौजदारी स्वरूप काढले किंवा सौम्य केले. किरकोळ चुकीसाठी नागरिकाला तुरुंगाची भीती घालण्याची ब्रिटिशकालीन सवय सोडण्याच्या दिशेने ते एक पाऊल आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली नाही, तर अपील करता येते. पण आपल्यापैकी किती जणांनी असे एकही अपील केले आहे? आपण गाडीत तासभर तक्रार करतो आणि कार्यालयात एक ओळ लिहून देत नाही. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. तारीख घातलेला, पोच घेतलेला अर्ज राहतो.

मधला प्रदेश

यंत्र सुधारता येते, कायदा बदलता येतो. तिसरी गोष्ट मात्र अवघड आहे, ती म्हणजे आपले स्वतःचे वर्तन.

लॉर्ड मोल्टन नावाचे एक इंग्रज न्यायाधीश होते. १९२१ मध्ये ते वारले. कायदा आणि शिष्टाचार या विषयावरील त्यांचे एक भाषण १९२४ मध्ये अमेरिकेतील एका मासिकाने छापले आणि ते पुढे गाजले. त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ असा. एका बाजूला कायद्याचे राज्य असते, तेथे सक्ती चालते. दुसऱ्या बाजूला पूर्ण स्वातंत्र्य असते, तेथे मर्जी चालते. या दोहोंच्या मध्ये एक विस्तीर्ण प्रदेश आहे. तेथे पोलीस नाही, दंड नाही, तरीही काही गोष्टी माणूस करतो आणि काही करत नाही, कारण त्याला तसे वागणे शोभते असे वाटते. राष्ट्राची खरी उंची या मधल्या प्रदेशाच्या विस्तारावरून मोजावी, असे त्यांचे मत होते. एक न्यायाधीश हे सांगतो, याला महत्त्व आहे. कायद्याची मर्यादा त्याच्याइतकी कोणाला ठाऊक असणार?

हा विचार परक्या देशातून आला म्हणून आपल्याला परका नाही. सक्तीवाचून जे पाळले जाते त्याला आपण संस्कार म्हणतो. आणि तो आपल्या मातीत आहे, याचे प्रमाण येथून फार दूर नाही. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान, चामटोलीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली. आपत्ती प्रतिसाद दल, नौदल, लष्कर, रेल्वे सुरक्षा दल यांनी सुमारे १,०५० प्रवाशांना सुखरूप बाहेर काढले. त्यांच्यासोबत पाण्यात उतरून मदत करणारे आसपासचे ग्रामस्थ होते. दलांचे ते कर्तव्य होते, पण ग्रामस्थांना कोणत्या कायद्याने बोलावले होते? ते आले नसते तर कोणते कलम त्यांना लागले असते? कोणतेच नाही. तो मधला प्रदेश त्या दिवशी आपण पाहिला.

मग प्रश्न असा पडतो की, संकटात इतकी उंच होणारी माणसे एरवीच्या सकाळी इतकी ठेंगणी का होतात? अंबरनाथहून उलट बदलापूरला येऊन जागा अडवायची आणि बदलापूरच्या माणसाने उभे राहायचे. मित्रांसाठी रुमाल टाकून चार आसने धरायची. दारात टोळके करून उतरणाऱ्याला उतरू द्यायचे नाही आणि चढणाऱ्याला चढू द्यायचे नाही. डब्यात मोबाइलवरची चित्रफीत सर्वांना ऐकवायची. यांतील पुष्कळ गोष्टींना कायद्यात कलम सापडेलही, पण प्रत्येक डब्यात प्रत्येक दाराशी पोलीस उभा करणे कोणत्याच राज्याला शक्य नाही. आणि समजा केला, तरी त्या समाजाला कोण सुसंस्कृत म्हणेल?

आवाजाचेच पाहा. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली झाले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. वर्षातील मोजक्या दिवशी शासन मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. ठाण्यातील डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या नियमांची कठोर अंमलबजावणी करण्याचे आदेश दिले आणि ध्वनिक्षेपक लावणे हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, हेही स्पष्ट केले. हा निर्णय सर्वांसाठी आहे, म्हणजे आपल्यासाठीही आहे. दुसऱ्याच्या भोंग्याविषयी बोलताना आपल्या मिरवणुकीतील भिंतीएवढ्या ध्वनिक्षेपकांकडे पाठ फिरवणाऱ्याचे कोणी ऐकत नाही, आणि ऐकूही नये. लोकमान्यांनी १८९३ च्या सुमारास गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले ते समाज एकत्र यावा म्हणून. ज्या उत्सवात शेजारच्या घरातील आजारी वृद्धेला कानात बोळे घालून बसावे लागते, तो उत्सव तिला समाजाबाहेर काढतो.

आणखी पुढचे सांगतो. डेसिबलचे यंत्र ५४ चा आकडा दाखवत असेल तर कायदा तुम्हाला हात लावणार नाही. पण पलीकडच्या खोलीत दहावीचा मुलगा अभ्यास करत असेल, तर ५४ सुद्धा जास्त आहेत. हे यंत्र सांगू शकत नाही, कायदा सांगू शकत नाही. भिंतीपलीकडे कोण राहते हे ज्याला माहीत आहे, त्यालाच ते कळते. आपल्या नव्या वसाहतींचे खरे दुखणे हेच आहे. दहा-दहा वर्षे एका जिन्यावर राहून आपल्याला पलीकडच्या घरातील माणसांची नावे ठाऊक नसतात. ज्याला आपण ओळखत नाही, त्याच्यावर भार टाकताना मनाला टोचणी लागत नाही. चामटोलीला बुडणारा प्रवासी डोळ्यांसमोर होता, म्हणून हात पुढे आले. रोजच्या गर्दीत समोरच्याचा चेहरा आपण पाहतच नाही.

काय करता येईल?

उपदेश करून थांबणे योग्य नव्हे. म्हणून आपल्या शक्तीतील तीन कामे सुचवतो.

पहिले काम यंत्रासंबंधी. आपल्या इमारतीत साठी-सत्तरी ओलांडलेले जे लोक आहेत, त्यांना मोबाइलवरील व्यवहार शिकवण्यासाठी तरुणांनी आठवड्यातून एक तास द्यावा. स्वतः बटणे दाबून मोकळे होऊ नये, त्यांच्या बोटांनी करवून घ्यावे. फोनवर आलेला संकेतांक कोणालाही सांगायचा नाही, हे याच तासात शंभरदा सांगावे. आणि जे स्वतः बँकेत, कार्यालयात किंवा संगणक क्षेत्रात असे व्यवहार आखतात, त्यांनी नवी सोय सुरू करण्यापूर्वी आपल्या आई-वडिलांना ती वापरायला द्यावी. ते जेथे अडतील, तेथे दोष त्यांचा नाही, सोयीचा आहे.

दुसरे काम कायद्यासंबंधी. नगरपरिषद विकास आराखड्यावर हरकती आणि सूचना मागवते, शासन नियमांचे मसुदे प्रसिद्ध करते. मुदतीत लिहून पाठवावे. एखादा कायदा बरा-वाईट ठरवताना तो कोणाला लागला हे न पाहता, त्यात काय लिहिले आहे ते पाहावे. घर घेताना बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र मागावे. सवलतीच्या दरात बेकायदा बांधकाम विकत घेणारा असतो, म्हणूनच ते बांधणारा असतो.

तिसरे काम वर्तनासंबंधी, आणि ते कोणाला सांगून करायचे नाही. उतरणाऱ्याला आधी उतरू द्यावे. मोबाइलचा आवाज आपल्या कानापुरता ठेवावा. रांगेत आपला क्रमांक सोडून पुढे जाऊ नये, ओळखीचा माणूस पुढे असला तरीही. शेजारच्या चार घरांतील माणसांची नावे माहीत करून घ्यावीत. कार्यकर्त्याने तर हे काटेकोरपणे पाळावे. लोक आपली भाषणे विसरतात, पण गाडीत आपण कसे वागलो ते लक्षात ठेवतात.

बंधू-भगिनींनो, यंत्र आपल्याला वेग देईल आणि कायदा संरक्षण देईल. परंतु आपल्या सोयीचा भार दुसऱ्याच्या डोक्यावर टाकण्यापूर्वी क्षणभर थांबण्याची सवय या दोहोंपैकी कोणीच आपल्याला देऊ शकणार नाही. ती घरात लागते, आणि उद्या सकाळच्या गाडीपासून लावून घेता येते. एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.